अदोनीयाची पेटी

शरणपूर, नाशिक
२० ऑक्टोबर २०२४

चि. अमोल सहादू आढाव यास, शांतवनचा सलाम.

तू माझा फोन उचलत नाहीस असं म्हणणार नाही, कारण तो तुझ्यापर्यंत पोचतच नाही. नंबर ब्लॉक केला आहेस हे तुझ्या वहिनीनं शोधून काढलं. दीपमालाशी पाच मिनिटं गोड बोललास आणि तिनं "यांना देऊ का?" म्हटल्याबरोबर ठेवून दिलास. म्हणून हे पोस्टाचं पाकीट. इगतपुरी गाडीनं तासाभरावर आहे, पण भावाभावांत आता तिकीट चिकटवायची वेळ आली.

कामाचं लिहितो. येत्या सतरा जानेवारीला बाबांना जाऊन वर्ष होईल. ख्रिस्तमंडळीनं ठरवलंय की एकोणीस तारखेच्या रविवारी संध्याकाळी देवळात त्यांच्या स्मरणार्थ कीर्तन करायचं. आख्यान बाबांचंच, 'दावीदाचं सिंहासन'. उभं कोण राहणार असं किशोर पाळकांनी विचारलं, तेव्हा सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी हात वर केला नव्हता, हे लक्षात ठेव. तू गेल्या नाताळापासून गाणं सोडलंस आणि आपल्या घरात तिसरा कोणी नाही.

उभं राहायचं तर हातात चिपळ्या हव्यात. बाबांच्या चिपळ्या तुझ्याकडे आहेत. मेनरोडवर नव्या मिळतात, पण बाबांच्या चिपळ्यांचा आवाज आपल्या मंडळीतलं लहान पोरही ओळखतं. माई पुढच्या महिन्यात प्रभुभोजनाला येतील, त्यांच्या पिशवीत घालून दे. बाकी मला तुझ्याकडून काही नको.

आणि गेल्या नाताळातलं कीर्तन मनात धरून बसला असशील तर पुन्हा सांगतो, ऐन वेळी पेटीचा भाता उसवला होता. मी त्यात गुंतलो होतो. तू कुठल्या ओळीला अडलास ते माझ्या लक्षातही आलं नाही. अख्ख्या नाशिकच्या पेट्या दुरुस्त करणाऱ्याचीच पेटी भर देवळात बंद पडली, याला कोणी हसलं तर हसू दे.

शांतवन सहादू आढाव


३ नोव्हेंबर २०२४

अमोल,

आज माई आल्या. पिशवीत इगतपुरीचे नवे तांदूळ होते, चिपळ्या नव्हत्या. देवळाच्या पायरीवर मला म्हणाल्या, "शांतवन, मला आता मधे घालू नकोस रे बाबा. मागे तुझा निरोप नेला तर पोरगं चार दिवस धड जेवलं नाही. तुम्ही दोघं काय ते लिहा, बोला, भांडा."

मागे म्हणजे बाबांच्या दफनानंतरच्या आठवड्यात. तेव्हाही मी चिपळ्याच मागितल्या होत्या, माईंमार्फतच. तुमचं तो ऐकतो, बाबांची एक आठवण म्हणून तेवढ्या द्यायला सांगा, म्हटलं. आणि तू काय निरोप पाठवलास? "एवढंच कशाला, बाबांची जागाच माग म्हणावं. मोठा भाऊ आहे ना."

हे वाक्य तुझं नाही, शलमोनाचं आहे. थोरला अदोनीया, धाकटा शलमोन, दोघांच्या आया वेगळ्या आणि सिंहासन एक. सिंहासन धाकट्याला मिळालं, तेव्हा थोरल्यानं धाकट्याच्याच आईला मधे घालून म्हाताऱ्या राजाची सेवा करणारी अबीशग मागितली. शलमोन म्हणाला, अबीशगच का, राज्यच माग ना. आणि त्याच दिवशी सरदार बनायाला तलवार देऊन थोरल्याचा जीव घ्यायला पाठवलं. बाबांच्या आख्यानात हा भाग नव्हता. बाबा नेहमी एक पायरी आधीच थांबायचे, अदोनीया आसऱ्यासाठी वेदीच्या कोपऱ्यांची शिंगं धरून जीवदान मागतो आणि शलमोन त्याला घरी जा म्हणतो, तिथे. तू मुद्दाम बायबल उघडून मला लागेल असं वाक्य हुडकलंस. लागलं. झालं समाधान?

आता माझंही ऐक. नऊ वर्षांचा होतो तेव्हा आई गेली. त्याच वर्षी मी बाबांपुढे उभा राहून पहिला अभंग म्हटला. बाबांनी डोळे मिटून ऐकला आणि म्हणाले, "शांतवन, तुझ्या गळ्यापेक्षा तुझ्या बोटांत जास्त आहे." लोकांना हे कौतुक वाटलं. मला पेटी मिळाली आणि मी त्यांच्या मागे बसलो तो कायमचा. मग दुसरेपणावर माई आल्या, मग तू आलास. चार वर्षांचा असताना तू कीर्तनाच्या मधेच बाबांच्या धोतराला लोंबकळलास आणि त्यांनी तुला उचलून खांद्यावर घेतलं आणि तसंच पुढचं कडवं म्हटलं. तूही म्हटलंस, त्यांच्याच सुरात. देऊळ हललं. मी अठराचा होतो आणि पेटीवरून मला तुझे फक्त लोंबणारे पाय दिसत होते.

तुम्हा लोकांना बुवांचा चेहरा माहीत आहे. मला त्यांची टाच माहीत आहे. चव्वेचाळीस वर्षं मी ती पाहिली. शब्द आठवेनासा झाला की बाबांची डावी टाच जमिनीवरून बोटभर उचलली जायची, मी पेटीच्या आडून शब्द द्यायचो आणि टाच खाली यायची. समोरच्यांना वाटायचं, बुवा ठेका धरतायत. बाबा अडले हे त्या देवळात एकट्या मला कळायचं. माझ्याकडे बाबांचं एवढंच होतं.

आणि पक्षाघातानंतर त्यांनी तुला काय शिकवलं? बोलता येत नव्हतं, उजवा हात चालत नव्हता, तरी तुझ्या डाव्या टाचेवर काठी टेकवून टेकवून ती खूण त्यांनी तुला देऊन टाकली. मला न विचारता.

यादवच्या मळ्यातल्या जेवणाबद्दल तू अजून लोकांना सांगत असतोस, ते माझ्या कानावर येतं. हो, मी जेवण घातलं. मखमलाबादला, गेल्या वर्षी नोव्हेंबरात. गायनमंडळ होतं, वडील मंडळी होती. नाताळचं कीर्तन मी करणार असं सांगायचं होतं, कारण बाबा खाटेवर आणि थोरला मी. तुला, माईंना आणि किशोर पाळकांना बोलावलं नाही. अदोनीयानं स्वतःला राजा म्हणवून एन-रोगेल झऱ्याजवळ मेजवानी केली तेव्हा त्यानंही शलमोनाला आणि नाथान संदेष्ट्याला वगळलं होतं. चव्वेचाळीस वर्षं त्या ओळीला मी पेटी धरली, आणि यादीत नावं लिहिताना मला हे आठवू नये! दीपमालाला आठवलं होतं म्हणे. ती म्हणते, तुम्हाला तोंडावर कोण सांगणार.

पुढचं तर आख्यानातल्यासारखंच झालं. तुमचा नाथान, म्हणजे किशोर पाळक, आणि माई बाबांच्या खाटेशी गेले, बाबांनी डाव्या हातानं चिपळ्या उचलून तुझ्या हातात ठेवल्या आणि कोणीतरी त्याचा व्हिडिओ काढला. तिकडे शलमोनाच्या राज्याभिषेकाचा कर्णा वाजला होता, इकडे मोबाइल वाजले. एकाचा, मग दुसऱ्याचा. माणसं स्क्रीनकडे बघत, माझ्याकडे न बघता, पानावरून उठायला लागली. यादव वाढता वाढता म्हणाला, "शांतवनभाऊ, मंडळी उठून का चालली हो? वांग्याचं भरीत तर अजून वाढलं बी नाय." उरलेलं भरीत दोन डबे भरून घरी आणलं आणि तीन दिवस खाल्लं.

तुला हसू येत असेल. हस.

शांतवन


२४ नोव्हेंबर २०२४

अमोल,

तुझं कार्ड मिळालं. "चिपळ्या माळ्यावर आहेत. मी गात नाही. जागा तुला मोकळी आहे." तीन वाक्यं. पोस्टमननं वाचलं असणार, शेजारच्या भिकननंही वाचलं, कारण ते त्याच्या दारात पडलं होतं. मग तबल्यावर चाट मारून मला म्हणतो, "बुवा, तुम्हाला गादी मिळाली."

मला आनंद व्हायला हवा होता आणि झालाही, साधारण संध्याकाळच्या चहापर्यंत.

मग तालमीला उभा राहिलो. दुकानात पेट्यांच्या मधे जागा करून, कपाटाच्या आरशासमोर. भिकन तबल्यावर होता. दावीदाला त्याच्या पोराच्या, अबशालोमाच्या मृत्यूची बातमी येते तिथपर्यंत गेलो. शब्द सगळे पाठ आहेत, एक इकडचा तिकडे नाही. भिकन म्हणाला, "चांगलं चाललंय," आणि बिडी ओढायला बाहेर गेला. बाबांच्या त्या जागी तो तबला सोडून डोळे पुसायचा, हे मी पाहिलंय. दीपमाला डबा घेऊन आली होती, ती म्हणाली, "तुम्ही उभे राहता तेव्हाही तुमचे हात पेटी शोधत असतात."

रविवारी देवळात जो तो विचारतो, अमोलचं काय, अमोल येणार का, अमोलनं सोडलं हे बरं नाही केलं. तू नसताना तुझं जेवढं चालतं तेवढं माझं असताना चालत नाही. तू मेला असतास तरी समजू शकलो असतो. हे लिहिलं आणि खोडणार होतो. राहू दे. अम्नोनला त्याचा भाऊ अबशालोमानं मारलं, अबशालोमाला सेनापती यवाबानं, त्या घरात भाऊ भावाच्या वाटेतून कसा दूर व्हायचा ते आपण लहानपणापासून टाळ वाजवून ऐकलंय. माणसाच्या मनात काय येतं ते लपवायचं कशाला?

मागे भात्याचं लिहिलं होतं. भाता उसवला नव्हता. तू शोधून काढायच्या आधी मीच सांगतो. पेटी ठणठणीत होती. मला त्या घटकेला शब्द आठवला नाही, एवढंच. माणूस आहे, विसरतो. चव्वेचाळीस वर्षांत एकदा विसरलो.

शांतवन


१५ डिसेंबर २०२४

अमोल,

गेल्या मंगळवारी मी इगतपुरीला आलो होतो. तुला माहीत नाही. घोटीच्या शाळेची पेटी पोचवायची होती, तिथून पुढे आलो. चिपळ्या स्वतः मागाव्यात, दारात उभं राहून मागितल्यावर तू नाही म्हणणार नाहीस, असा हिशेब होता.

दुपारचे दोन वाजले असतील. रेल्वे क्वार्टर्सच्या मागच्या बाजूनं आलो, कारण समोर माई धान्य वाळवत बसल्या होत्या. तुझ्या स्वयंपाकघराची खिडकी उघडी होती. आतून भांडी घासल्याचा आवाज येत होता आणि तू गात होतास.

तू लिहिलंस, मी गात नाही. खोटारडा.

तुझा आवाज बाबांचा नाही. बाबांच्या आवाजात थोडी खरखर होती. तुझा स्वच्छ आहे, वर जाताना त्याला धाप लागत नाही. मी पाण्याच्या टाकीला टेकून उभा राहिलो आणि चार वर्षांचा तू बाबांच्या खांद्यावर होतास तेव्हा जळलो होतो तसाच जळलो. चौपन्न वर्षांच्या माणसाला भांडी घासणाऱ्या धाकट्या भावाचा हेवा वाटतो, ही सांगायची गोष्ट नाही. मी सांगतोय.

तू शेवटचाच भाग म्हणत होतास. अदोनीया पळत येतो, वेदीची शिंगं धरतो, मला मारणार नाही अशी शलमोनानं शपथ घ्यावी म्हणतो. शलमोन माणसं पाठवून त्याला खाली आणवतो. आणि मग तू थांबलास. नळ चालू होता. तू पुन्हा मागून सुरू केलंस, पुन्हा तिथेच थांबलास. तिसऱ्यांदाही. चौथ्यांदा काहीतरी मोठं भांडं मोरीत आपटलंस आणि नळ बंद केलास.

एक वर्ष झालं. तू अजून त्याच शब्दापाशी उभा आहेस. आणि मी खिडकीपासून सहा पावलांवर होतो, शब्द मला येत होता.

मी वळलो आणि स्टेशनवर आलो. चिपळ्या मागितल्या नाहीत. गाडीत जागा मिळाली होती, तरी नाशिकरोडपर्यंत उभाच राहिलो. का, ते मला विचारू नकोस.

दादा


२९ डिसेंबर २०२४

अमोल,

आता सगळं लिहितो. मधे थांबलो तर पुन्हा लिहायचा नाही.

बाबांची वही माझ्याकडे आहे, निळ्या पुठ्ठ्याची. दफनाच्या दिवशी मी ती त्यांच्या उशाखालून काढली आणि पेटीच्या भात्यामागे ठेवली. माईंनी सगळ्या घरात शोधली, मीही त्यांच्याबरोबर शोधल्यासारखं केलं. तुला शब्द कुठेच सापडू नये म्हणून.

त्या वहीची शेवटची चार पानं कडेनं चिकटवलेली होती. मला वाटायचं, चहा सांडला असेल. परवा वाटलं, यात बाबांनी कधीच न गायलेलं काही असेल तर एकोणीस तारखेला मी ते गाईन. मंडळी म्हणेल, बुवांनाही जे जमलं नाही ते शांतवननं केलं. पेटीचे सूर घासायच्या पात्यानं मी ती पानं एकेक करून सोडवली.

आत पुढचा भाग आहे. अबीशगची मागणी, शलमोनाचा राग, बनाया तलवार घेऊन जातो तो. मग यवाब येऊन तीच वेदीची शिंगं धरतो, आणि या खेपेला शिंगं धरूनही कोणी सोडत नाही, तिथेच कापतात. बाबांनी पूर्ण रचलंय, साकी आहे, दिंडी आहे, चाली लिहिल्यात. त्यांच्या सगळ्या कवनांत हे सरस आहे, मी सांगतो. आणि चारही पानांवर तिरकी रेघ मारून खाली लिहिलंय:

"हे गायचं नाही. आता माझ्याही घरात दोन आहेत. २ मे १९८४."

त्या दिवशी तू अकरा दिवसांचा होतास.

मी चौदा वर्षांचा होतो, अमोल. मी तोपर्यंत काही केलंही नव्हतं. आणि ते भ्यायले होते. माझ्याकडे बघून का तुझ्याकडे बघून, ते लिहिलेलं नाही. पण चाळीस वर्षं प्रत्येक कीर्तन त्यांनी "घरी जा" वर संपवलं, आणि मला वाटत राहिलं की ते दमतात म्हणून लवकर आवरतात.

आता गेल्या वर्षीच्या नाताळचं. तू उभा होतास, मी पेटीवर होतो. बाबा समोर पहिल्या रांगेत चाकाच्या खुर्चीत. तू शेवटच्या अभंगाला आलास आणि तुझी डावी टाच उचलली गेली. बाबांनी शिकवली होती तशीच, बोटभर. पेटी चालू होती. शब्द मला आठवत होता. विसरलो वगैरे काही नाही. शब्द माझ्या तोंडात आला होता आणि मी दात मिटून घेतले.

तू टाच खाली ठेवलीस आणि पुन्हा उचललीस. लोक खोकायला लागले. तेव्हा मी समोर पाहिलं. बाबा तुझ्याकडे बघत नव्हते, माझ्याकडे बघत होते. आणि खुर्चीच्या पाय ठेवायच्या पट्टीवर त्यांची डावी टाच उचललेली होती. त्यांना बोलता येत नव्हतं म्हणून ते मला खुणेनं मागत होते, शांतवन, शब्द दे. नऊ वर्षांचा असल्यापासून त्या टाचेला मी कधी नाही म्हटलं नव्हतं.

मी मान खाली घातली आणि सूर धरून बसलो. तू चिपळ्या टेबलावर ठेवून निघून गेलास; त्या मागून माईंनी उचलल्या. तेव्हा मला आनंद झाला. घाणेरडा असेल, पण आनंदच झाला. बनायाला तलवार लागली होती, मला नुसतं गप्प बसून भागलं.

तीन आठवड्यांनी बाबा गेले. त्या तीन आठवड्यांत मी रोज त्यांना भरवायला जायचो. ते तोंड उघडायचे, खायचे आणि भिंतीकडे बघायचे. तुला वाटतं तू त्यांचं नाव घालवलंस. तू रडत रडत माईंना म्हणालास, माझ्यामुळे बाबा खचले. तुझ्यामुळे नाही रे. ते कशानं खचले हे त्यांना माहीत होतं आणि मला माहीत आहे.

हा तो अभंग:

ऊठ ऊठ बंधो, सोडी वेदीशिंगे ।
क्रोध नाही संगे माझ्या आता ॥
नाही उगारीले खड्ग तुजवरी ।
जाई तू रे घरी आपुलिया ॥

"ऊठ" पासून सुरू होतो. वही सोबत रजिस्टरनं पाठवतोय.

किशोर पाळकांना मी आज सकाळी उपासनेनंतर भेटलो. एकोणीस तारखेला अमोल उभा राहील, मी पेटीवर बसेन, असं सांगून आलो. ते म्हणाले, "अमोलनं हो म्हटलं का?" मी म्हटलं, तो आला नाही तर कीर्तन होणार नाही, मी उभा राहणार नाही. हे मी मोठ्या मनानं करतोय असं समजू नकोस. मन मोठं नाही. हे लिहिताना सुद्धा आत जळतंय. तू येऊ नयेस असंही वाटतं. ये.

दादा


२१ जानेवारी २०२५

अमोल,

नंबर अजून ब्लॉकच आहे. दीपमालाला रिंग जाते, मला जात नाही. म्हणून हेही पत्रच.

तू दुपारच्या गाडीनं आलास. माईंचा हात धरून देवळात शिरलास, पिशवीतून चिपळ्या काढल्यास, पाळकांना सलाम केलास, भिकनच्या पाया पडलास. माझ्याकडे पाहिलं नाहीस. मी पेटी उघडली आणि तुझा सूर काळी चार धरला. कोणता धरू हे विचारलं नाही. इगतपुरीच्या खिडकीखाली मला तो कळला होता.

तू उभा राहिलास आणि पहिल्या ओवीलाच मंडळी तुझी झाली. दावीद अबशालोमासाठी रडतो तिथे किशोर पाळकांनी चष्मा काढला, भिकननं तबला सोडला. माझ्या तालमीत तो त्याच जागी बिडी ओढायला गेला होता. तू माझ्यापेक्षा चांगला गातोस, अमोल. बाबांपेक्षाही चांगला. मला हे आवडत नाही. परवा आवडलं नाही, आजही आवडत नाही, आणि बहुतेक कधी आवडणार नाही.

मग अदोनीया वेदीकडे पळाला. शिंगं धरली. शलमोनाची माणसं त्याला घेऊन आली. आणि तू थांबलास.

सगळ्या देवळाला तो नाताळ आठवला. माईंनी पदर तोंडाला लावला. मी तुझ्या टाचेकडे पाहिलं. ती जमिनीवर सपाट होती. टाचा मला कळतात, माणसं नसतील कळत. शब्द विसरलेल्या माणसाची टाच अशी शांत नसते. तुला शब्द येत होता. माझं पत्र तू वाचलं होतंस, अभंग पाठ केला होतास, आणि तरी तू थांबून राहिलास.

मग हळूहळू, मला दिसावी अशी, तू डावी टाच उचललीस. आणि ती तशीच धरून ठेवलीस.

मी पेटी दोन्ही हातांनी धरली होती. बोटं पट्ट्यांवर नव्हती, दोन कोपऱ्यांवर होती. मला वाटलं, तू तसाच सकाळपर्यंत उभा राहशील.

"ऊठ," मी म्हणालो. जरा मोठ्यानंच बाहेर पडलं. पुढच्या दोन रांगांनी ऐकलं.

आणि तू वळलास. बुवा कधी मंडळीकडे पाठ करत नाही. बाबांनी चव्वेचाळीस वर्षांत एकदाही केली नाही. पेटीवर बसून बुवाचा चेहरा मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिला. तू मंडळीकडे पाठ करून, माझ्याकडे बघत, तो अभंग पहिल्यापासून शेवटपर्यंत मला म्हटलास. तुझ्या चेहऱ्यावर माया होती असं मी म्हणणार नाही. राग होता. रागानं लाल झाला होतास आणि म्हणत होतास, क्रोध नाही संगे माझ्या आता. माझी पेटी कधी थांबली ते मला कळलं नाही. भाता उसवला नव्हता.

कीर्तन संपल्यावर तू चिपळ्या पुसून पिशवीत घातल्यास आणि माईंना घेऊन स्टेशनवर गेलास. मी चिपळ्या मागितल्या नाहीत. भिकन म्हणाला, "शांतवनभाऊ, थांबा ना, मंडळीनं चहा केलाय." मी पेटी बंद केली, दीपमालाला हाक मारली आणि तू सांगितलं होतंस तसा घरी गेलो.

दादा